देवळापुढचा गोटा

"मग गाव अजून जिवबा कोष्ट्याचंच नाव का घेतंय, वस्ताद?"

हिंदुराव पैलवान घुश्शातच तालमीत शिरला होता. कालच्याच जत्रेत त्यानं देवळापुढचा दोन मणांचा गोटा डोक्यावर नेला होता. शिट्ट्या झाल्या, फेटा बांधला गेला. आणि सकाळी चहाच्या टपरीवर म्हातारे पुन्हा जिवबाचंच पुराण लावून बसले. जिवबाला जाऊन तीस वर्षं झाली, तरीही!

वस्ताद आखाड्यातली माती उकरत होते.

"जिवबानं खांद्यापतोरच न्हेला हुता," ते म्हणाले.

"तेच म्हणतोय मी. मी वर न्हेला."

"न्हेलास."

"मग?"

...

वस्तादांनी खोरं बाजूला ठेवलं आणि त्याला देवळापुढं नेलं.

"उचल."

हिंदुरावानं गोटा उचलला. मांडीवर, छातीवर, मग डोक्यावर. खरंच ताकदीचा गडी.

"आता ठेव."

त्यानं दिला टाकून. जमीन हादरली.

"टाक न्हाई म्हनलो. ठेव म्हनलो."

पुन्हा उचलला. उतरवताना छातीपाशी गोटा निसटला. हिंदुरावानं कसाबसा पाय मागं घेतला. घामाघूम झाला बिचारा.

"खाली ठेवायचं कोण बघतंय, वस्ताद?" तो चिडून म्हणाला.

"जिवबानं न्हेला त्या दिवशी पोरं पार पायाशी आलती. जिवबा खांद्यावर गोटा घिऊन हुबा ऱ्हायला. शेवटचं पोर बाजूला हुईस्तवर हुबाच. मग बसला आन् ठेवला. आवाज न्हाई झाला."

हिंदुरावानं घाम पुसला. मग त्याला काहीतरी सुचलं.

"म्हणजे डोक्यावर न्हेणारा गावात मी पहिलाच की!"

"न्हाई. जिवबाच्या आदल्या साली येकानं न्हेलता."

"कुणी?"

"म्या."

हिंदुराव बघतच राहिला. बारा वर्षं त्यांच्या हाताखाली घालवली होती, पण हे कधी कानावर आलं नव्हतं.

"आन् खाली?"

"तुझ्यावानीच. दिला टाकून. पोरं तवाबी पायाशीच हुती."

...

"पण वस्ताद, तुमचं नाव कसं कुणी घेत न्हाई?"

वस्ताद रस्त्याकडं बघत राहिले.

"घेत्यात की. सोपान सुतार लंगडत देवळाकडं निघाला, की घेत्यात."