आधी माडोगसमोर

वेल्सच्या डोंगराळ मुलखात एकदा एक वृद्ध भाट राहत होता. तिथे इंग्रजांच्या सत्तेविरुद्ध बंड पेटले होते. एका टेकडीच्या उतारावर लढाई झाली. इंग्रज उमरावाने बळेच फौजेत भरलेले वेल्श तिरंदाज ऐन वेळी फिरले, त्याच्याच माणसांवर त्यांनी बाण सोडले, आणि बंडवाले जिंकले.

भाटाचा तरुण शिष्य इदवाल याने त्या तिरंदाजांवर जयगीत रचले. तिथल्या रीतीप्रमाणे प्रत्येकाच्या पिढ्या त्यात गुंफल्या. गीत आवडले तर बंडवाल्यांचा सरदार त्याला दरबारी भाट करणार होता. इदवालने आजवर दुसरे काही मागितलेच नव्हते.

विजयाच्या मेजवानीच्या दिवशी गुरू त्याला सरदाराच्या गढीवर न नेता एका मेंढवाड्यात घेऊन गेले. तिथे त्या तिरंदाजांपैकीच माडोग नावाचा एकजण लोकर कातरत होता.

"आधी याच्यासमोर म्हण," गुरू म्हणाले.

सरदार तिकडे खोळंबला असताना ही कसली तालीम, म्हणून इदवाल मनात चरफडला. तरी गाऊ लागला.

माडोग हसला. "माझ्या पणजोबाला फारच शूर केलंस. तो मेंढ्यालासुद्धा भ्यायचा."

पुढे पहिल्या बाणाचे कडवे आले, तशी त्याची कात्री थांबली.

"मी सोडलेला तो बाण वॉटला लागला. इंग्रजच, पण फौजेत माझ्या शेजारी चालायचा. माझा पाय सुजला तेव्हा गाठोडं त्यानंच वाहिलं. मी वळलो तर विचारत होता, काय झालं रे?" कात्री खाली ठेवून तो म्हणाला, "चुकलो असं नाही म्हणत मी. पण त्याचं नाव कुठंय यात?"

हे घातले तर दरबारची जागा जाईल, असे इदवालने वाटेत गुरूंना सांगितले.

"जाईल," गुरू म्हणाले. "गढीवर बसलेल्यांना नुसता जय दिसतो. ज्याच्या हातून तो घडला, त्याच्या डोळ्यांत बघून जे गाता येत नाही, तेच ऐकून उद्या आणखी पोरं हसत लढाईला जातील. काय गायचं ते आता तू ठरव."

गढीवर इदवालने वॉटचे कडवे गायले. वॉटच्या बापाचेही नाव कुणाला ठाऊक नव्हते. म्हणून पिढ्यांच्या जागी त्याने नुसत्या वाद्याच्या तारा छेडल्या. सभा अवघडली. सरदाराने दुसऱ्या भाटाला गाण्याची खूण केली.

इदवाल बाहेर आला. एवढ्या कीर्तीचे आपले गुरू कुठल्याच दरबारी का राहिले नाहीत, हे त्याला तेव्हा उमगले. म्हाताऱ्याच्या चालीने, सावकाश, तो त्यांच्यासोबत डोंगर उतरू लागला.