वाकड्या गाठींचं घरटं

बाभळीला अजून काटे फुटले नव्हते, तेव्हाची गोष्ट. विहिरीवर झुकलेल्या एका बाभळीवर सुगरणीचं घरटं होतं. तिचा लेक पिवळू लहानपणी विणायला शिकताना गवताच्या ज्या वाकड्यातिकड्या गाठी मारायचा, त्या सगळ्या तिनं जपून ठेवल्या होत्या. ठेवता ठेवता तिलाच बसायला जागा उरली नाही आणि फांदी पाण्याला टेकायला आली.

"आई, टाक गं तो कचरा! एक दिवस घरट्यासकट बुडशील," पिवळू म्हणाला. आता तो रानातला नावाजलेला विणकर होता. त्या गाठींची त्याला लाज वाटायची.

"कुठली टाकू? ही पहिली. ही तापात केलेली. ही तर रडत रडत केलीस," म्हणत सुगरण सगळ्या गाठी पोटाखाली घेऊन बसली.

पिवळूची नवी नवरी आल्यापासून फारसं बोलली नव्हती. तिनं एकेक गाठ निरखली आणि सगळ्यांत वाकडी चोचीत उचलली.

"सासूबाई, ही मला द्या. बाकीच्या सोडा."

"अगं, ही तर धड गाठसुद्धा नाही!"

"म्हणूनच. उद्या आमची पिल्लं गाठ सुटली म्हणून रडतील, तेव्हा दाखवायला लागेल. ह्यांचं आताचं विणकाम बघून कुणाला धीर येणार?"

सुगरण हसली. बाकीच्या गाठी तिनं हळूहळू वाऱ्यावर सोडल्या, तशी फांदी वर आली.

नव्या घरट्यात पिवळूनं दाराशी एक कप्पा विणला. एका गाठीसाठी तो जरा मोठाच झाला.