आकडी किती वेळ होती?

कापडाचा एक व्यापारी एकदा तीन कागद घेऊन आपल्या वृद्ध गुरुजींच्या ओसरीवर आला. शाळा सुटून तीस वर्षे झाली होती, तरी आयुष्यात काही अडले की त्याचे पाय तिकडेच वळत. या खेपेचे अडणे साधे नव्हते. त्याच्या पाच वर्षांच्या मुलीला, शलाकाला, अपस्माराचे निदान झाले होते. औषध सुरू होऊन दोन महिने लोटले, तरी आकडी अधूनमधून येतच होती.

कागद तीन डॉक्टरांचे होते. एक म्हणत होता, चालू गोळीची मात्रा वाढवा. दुसरा म्हणत होता, गोळीच बदला. तिसऱ्याने आणखी एका गोळीची जोड सुचवली होती. शिवाय घरी येणारा प्रत्येक पाहुणा आपापला ताईत सांगून जाई, ते वेगळेच.

"गुरुजी, माझी मती गुंग झाली आहे. तुम्ही बोट ठेवाल तोच कागद मी धरीन."

गुरुजींनी कागदांना हातही लावला नाही. "आकडी येते तेव्हा काय होतं?"

"काय होणार! हातपाय झाडते, डोळे फिरवते."

"आधी कोणता हात?"

"ते काही पाहिलं नाही."

"बरं, किती वेळ चालते?"

"पंधरा मिनिटं तरी. जास्तच."

गुरुजी आत गेले आणि काठोकाठ भरलेला तांब्या घेऊन आले. "हात लांब करून हा धर. तीन मिनिटं झाली असं वाटलं की खाली ठेव."

व्यापाऱ्याच्या मनात आले, इथे माझी पोटची पोर आजारी, आणि म्हाताऱ्याला खेळ सुचतो आहे! पण गुरुजींचा शब्द मोडायची सवय नव्हती. त्याने तांब्या धरला. दंड भरून आला, हात थरथरला, पाणी पायांवर सांडले. अखेर "झाली तीन मिनिटं" म्हणत त्याने तांब्या टेकवला. गुरुजींनी मनगटावरचे घड्याळ पुढे केले. जेमतेम सव्वा मिनिट झाले होते.

"अरे, नुसता हात दुखला तर वेळेचा अंदाज इतका चुकतो," गुरुजी म्हणाले, "मग पोर तडफडत असताना बापाचं काय होत असेल? दुकानात थान उलगडून पाहिल्याशिवाय तू सौदा करत नाहीस. आणि इथे आजार न पाहताच औषध निवडायला निघालास. औषध डॉक्टर ठरवतील, ते काम ना माझं, ना तुझं. पण आकडी त्यांच्यासमोर येत नाही, ती तुझ्या घरात येते. त्या वेळी तू कुठे असतोस?"

व्यापाऱ्याने मान खाली घातली. "मी कांदा आणायला धावतो, नाकाशी धरायला. मग शेजाऱ्यांची गाडी मागायला जातो. तिच्या आईला तर बघवतच नाही, ती देवापुढे जाऊन बसते."

"म्हणजे पोरीजवळ कोणीच नसतं."

गुरुजी हे रागाने बोलले नव्हते, म्हणूनच ते जास्त लागले.

"कांदा राहू दे," गुरुजी पुढे म्हणाले. "तोंडात काही घालू नकोस. कुशीवर वळव, घड्याळावर वेळ मोज आणि जवळ बस. पाच मिनिटं उलटली तर मात्र थेट दवाखाना गाठ."

सहाव्या दिवशी सकाळी, आईकडून वेणी घालून घेताना शलाकाला आकडी आली. व्यापाऱ्याचे पाय सवयीने दाराकडे वळले. त्याने स्वतःला बळेच खाली बसवले, लेकीला कुशीवर घेतले आणि पाहिले. आधी डावा हात, मग मान डावीकडे, मग सारे अंग. घड्याळात दोन मिनिटे दहा सेकंद.

हेच त्याने नंतर लिहून काढले आणि ते टिपण वाचून पुढे डॉक्टरांनी औषध ठरवले. आकड्या विरळ झाल्या, पुरत्या थांबल्या मात्र नाहीत. पण त्या सकाळी त्याला यातले काहीच ठाऊक नव्हते. अर्धवट घातलेली वेणी हातात घेऊन तो बसून होता.

बऱ्याच वेळाने शलाकाने डोळे उघडले. तिने इकडेतिकडे पाहिले, मग त्याच्याकडे.

"बाबा," ती म्हणाली, "आज तू पळून नाही गेलास?"