काचेवरचं नाव

घरात कॉम्प्युटर असणं हीच मोठी नवलाई होती, त्या दिवसांतली ही गोष्ट. केळुसकरांच्या बैठकीत काळ्या काचेचा, हिरव्या अक्षरांचा मॉनिटर आला. केळुसकरांनी त्यावर स्वतःचं नाव टाइप केलं आणि आल्यागेल्याला दाखवायला ते रोज दिवसभर तसंच ठेवलं. पाहुणे चहा पिता पिता वाहवा करत. मॉनिटरला वाटे, ही वाहवा आपलीच.

की-बोर्ड एकदा म्हणाला, "अहो, दोन वर्षं तेच नाव! अशानं काच भाजेल, नाव तिच्यावर कायमचं उमटेल. जरा मंद तरी व्हा."

"मंद होऊ? लोक मला बघायला येतात!"

पुढे केळुसकरांच्या सुनीतीने आपला पहिला प्रोग्रॅम लिहायला घेतला. थोड्याच वेळात ती रडवेली झाली. "बाबा, सगळं पुसलं तरी तुमचं नाव जातच नाही. माझं काही वाचताच येत नाही."

केळुसकरांनी रुमालाने काच घासली, मग मॉनिटर बंद केला. काळ्या काचेवरही नाव होतंच.

मॉनिटरने हळूच विचारलं, "काय लिहिलं होतं रे पोरीने?"

"मला ठाऊक आहे," की-बोर्ड म्हणाला. "पण दाखवायचं काम तुमचं होतं."