शेपटीवाला प्रतिनिधी

बेडूक शिकूनच शहाणे होत, त्या काळची ही गोष्ट. एका डबक्यात त्यांचं महाविद्यालय होतं. विद्यार्थी म्हणजे शेपटीवाली पिल्लं पाण्यात शिकत आणि थोर बेडकांचं नियामक मंडळ काठच्या सपाट दगडावर बसे. याच दगडाने झऱ्याची वाट अडवली होती. डबकं आटत चाललं होतं. सगळ्या बेडकांनी मिळून रेटा दिला असता, तर दगड सहज सरकला असता.

पिल्लांनी वळवळ्याला प्रतिनिधी म्हणून निवडलं. त्याने दगड हलवण्यासाठी मंडळाकडे रीतसर अर्ज दिला. "विषय गंभीर आहे, पुढच्या बैठकीत घेऊ," अध्यक्ष डरावराव म्हणाले. पुढच्या बैठकीला कोरमच भरला नाही. त्यापुढची बैठक मागचं इतिवृत्त वाचण्यात संपली. अखेर वळवळ्याचं नाव पुकारलं गेलं, तेव्हा त्याला चार पाय फुटले होते.

"शेपटी कुठाय तुझी?" डरावरावांनी विचारलं.

"गेली, साहेब. तुमची वाट बघता बघता."

"मग तू विद्यार्थी राहिला नाहीस. अर्ज बाद." डरावराव मायेने हसले. "पण मंडळात माजी विद्यार्थ्याची जागा रिकामी आहे. ये, वर बस."

वळवळ्या उडी मारून वर बसला. दगड उन्हाने छान उबदार झाला होता.

खालून चिखलात रुतलेलं एक पिल्लू ओरडलं, "दादा, दगडाचं विचारलंस का?"

वळवळ्या जरा सरसावून बसला आणि म्हणाला, "कुठला दगड?"