अडलेला पिस्टन

नदीकाठच्या एका गावात दौलत नावाचा एक मिस्त्री होता. हाताला यश असं, की त्याच्या दारातून एकही गाडी ढकलत परत न्यावी लागली नाही. पण तोंडाला लगाम नाही! "माझ्यापुढं लोखंड पाणी भरतं," म्हणायचा.

त्याच गावात पंचाहत्तरीच्या मथुराबाई राहत. त्या पूर्वी दवाखान्यात नर्स होत्या. वाड्यावस्त्यांवर बाळंतपणं करायला मोटारसायकलवरून जायच्या. त्यांच्या फटफटीचा आवाज आला, की अडलेल्या बाईच्या घरच्यांचा जीव भांड्यात पडायचा. ती फटफटी वीस वर्षं गोठ्यात उभी होती. बाईंची एकच इच्छा होती, यंदाच्या दसऱ्याला तिच्यावर बसून सीमोल्लंघन करायचं. "झालंच समजा!" दौलतनं चारचौघांत शब्द दिला.

सगळं इंजिन खोललं, पण पिस्टन सिलिंडरमध्ये गंजून बसलेला. हलेना की डुलेना. दौलत तेल ओतायचा, लाकडाचा ठोकळा ठेवून लगेच हातोडा घालायचा. अष्टमी आली तरी तेच. लोक येऊन हसून जायचे. शेवटी गडी इरेला पेटला, त्यानं घणच उचलला. सिलिंडर फुटला असता, तर इतक्या जुन्या गाडीचा दुसरा कुठंही मिळणार नव्हता.

"थांब रे दौलत!" मथुराबाई दारातून ओरडल्या. "एवढी बाळंतपणं केली मी. अडलेल्या बाईला शेकलं, तेल चोळलं, धीर दिला. पोराला ओढलं कधीच नाही."

"बाई, हे लोखंड आहे!" दौलत फणकारला.

"असू दे. तुझी ताकद बघितली त्यानं. आता जरा दम धर."

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. त्या दिवशी हत्यारांची पूजा करायची, त्यांना कामाला लावायचं नाही. हातोडे, पाने हळदकुंकू लावून पाटावर बसले. दौलतचे हात शिवशिवत होते. उद्या दसरा, गावात नाक कापलं जाणार! दोनदा तो पाटाकडे गेला, दोनदा मागं फिरला. मग त्यानं निमूटपणे सिलिंडर तेलानं भरला. बाईंनी आणलेल्या गरम पाण्यात फडकी पिळून दिवसभर तो सिलिंडर शेकत बसला.

दसऱ्याच्या सकाळी त्यानं नुसत्या तळहातानं रेटा दिला. पिस्टन सरकला. एवढा दांडगा गडी, पण चक्क रडला हो!

नव्या रिंगा घालून त्यानं दुपारपर्यंत इंजिन जोडलं. दिवस कलताना फटफटी धडधडत वेशीवर आली. मथुराबाईंनी पदर खोचून हँडल धरलं होतं आणि दौलत मागं बसला होता.

"वा मिस्त्री! सोडवलास की पिस्टन!" लोक म्हणाले.

"मी नाही, बाईंनी सोडवला," दौलत छाती फुगवून म्हणाला. "मी फक्त हात आवरला. पण खरं सांगतो, एवढं अवघड काम आजवर केलं नव्हतं!"

तात्पर्य: घाव घालणं कुणालाही जमतं, हात कधी आवरायचा हे ज्याला कळतं, तोच खरा कारागीर.