राखण न लावलेल्या गोळ्या

पूर्वी तगर नगरात अरिंदम नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व तिथल्या एका वैद्यकुळात जन्माला आला होता. सांधे धरलेल्या म्हाताऱ्यांसाठी तो बचनागाच्या गोळ्या करी. बचनाग हे विष. ते नीट शुद्ध करून, अगदी मोजके घेतले तर वेदना शमवते आणि जास्त झाले तर काळीज थांबवते. म्हणून त्या कुळात एक रीत होती. गोळी वळून झाली की शेवटी ती काडेचिराइताच्या कडूजार भुकटीत घोळवायची. याला ते ‘राखण लावणे’ म्हणत. ज्याला खरोखर दुखते तो तोंड वाकडे करून का होईना, गोळी गिळतो. आणि ज्याने ती चुकून तोंडात घातली तो पहिल्याच चवीला थुंकून टाकतो. घरचे माणूस डुलकी घेईल, पण जीभ जागी असते, असे बोधिसत्त्वाचे वडील म्हणत.

त्या नगरात कोशा नावाची एक म्हातारी सूत कातून राही. तिला ती गोळी पोटात ठरेना. एक दिवस ती बोधिसत्त्वाच्या ओसरीवर येऊन बसली आणि रडकुंडीला येऊन म्हणाली, “वैद्यबाबा, गिळते नि ओकते, गिळते नि ओकते. त्यापेक्षा गुडघे दुखलेले परवडले हो.”

“आजी, तुमच्या घरात लहान लेकरू आहे?” बोधिसत्त्वाने विचारले.

“कुठलं बाबा? मी आणि माझी चाती.”

बोधिसत्त्वाला तिची दया आली. त्याने तिच्यापुरत्या गोळ्यांना राखण लावली नाही. गूळ आणि वेलदोडा लावून त्या तिच्या पदरात घातल्या. कोशा बरी झाली, चालू लागली, आणि भेटेल त्याला सांगत सुटली की वैद्यबाबाचे औषध म्हणजे लाडूच. म्हाताऱ्या माणसाला बरे वाटले की ते गप्प कसे बसेल? तिचा काही दोष नव्हता.

ही गोष्ट श्रेष्ठी पूर्णकाच्या कानावर गेली. बोधिसत्त्वाच्या गोळ्या तांड्यांबरोबर दूरदूर नेऊन विकण्याचे काम पूर्णकच करी, आणि त्या वळतात कशा हे त्याला वैद्याइतकेच माहीत होते. तो येऊन मोठ्या अदबीने म्हणाला, “वैद्यराज, कडू लागतं म्हणून लोक औषध टाळतात. सगळ्याच गोळ्या गोड करा ना. पुण्य लागेल.”

“घराघरांत पोरं आहेत, श्रेष्ठी.”

“पोरांकडे पोरांचे आईबाप बघतील. तुम्ही म्हाताऱ्यांकडे बघा.” पूर्णक हसला आणि मनातले बोलून गेला, “कडू औषध माणूस बरा झाला की टाकून देतो. गोड औषध बरा झाला तरी चघळत राहतो.”

बोधिसत्त्व म्हणाला, “हे माझ्या हातून होणार नाही.” पूर्णकाने नवे घर देऊ केले, बाग देऊ केली. बोधिसत्त्वाने मान हलवली. तेव्हा पूर्णक उठला आणि शांतपणे म्हणाला, “तुम्ही नाही केलंत तर मी करीन. राखण लावायला शिकावं लागतं. न लावायला कुठे शिकावं लागतं?”

त्या दिवशी बोधिसत्त्व समाधानाने जेवला. मोहाला आपण बळी पडलो नाही, आपल्यापुरते काम संपले, असे त्याला वाटले. राजाकडे जाऊन सांगावे, घरोघर फिरून सावध करावे, हे त्याच्या मनात आले नाही असे नाही. आले, पण वैद्याने पेठेच्या भांडणात कशाला पडावे, म्हणून त्याने ते दूर सारले. चांगल्या माणसाला स्वतःचे हात स्वच्छ दिसले की तो पुष्कळदा तेवढ्यावरच खूश होतो, हे सांगताना वाईट वाटते.

पूर्णकाच्या गोळ्या लालचुटूक होत्या आणि त्यांचा वास दुकानाबाहेर येई. त्यांना त्याने नाव दिले ‘आजोबांचा खाऊ’. नाव लोकांना फार आवडले. सकाळी गुडघे चोळत बसणारी म्हातारी माणसे एकमेकांना थट्टेने विचारू लागली, “काय, खाऊ खाल्ला का आज?” एकीच्या जागी दोन गोळ्या तोंडात जाऊ लागल्या.

आता तगर नगरात एक जुनी चाल होती. घरात काहीही गोड आले की त्यातला पहिला वाटा सर्वांत धाकट्या लेकराचा. पाहुण्यालासुद्धा त्याच्यानंतर. ही चाल कोणी मोडीत नसे आणि लेकरांनाही ती पक्की ठाऊक असे.

सोणक नावाच्या कुंभाराने ‘आजोबांचा खाऊ’ घरी आणला. त्याची नात सामा चार वर्षांची होती. तिने विचारले, “आबा, काय खाताय?”

“माझा खाऊ आहे गं,” सोणक सहज म्हणाला. जे नाव सगळे घेत होते तेच त्याने घेतले.

सामा घुश्शात म्हणाली, “मग माझा पहिला वाटा?”

“हा फक्त म्हाताऱ्यांचा,” असे हसून सांगत त्याने मडकुले उंच फळीवर ठेवले, झाकण लावले आणि तो भट्टीकडे गेला. आजोबा वाटा द्यायला विसरले, एवढेच सामाला समजले. तिने पालथ्या घातलेल्या घड्यांवर चढून मडकुले काढले. तिने हावरटपणाही केला नाही. शेवटची गोळी तिने आजोबांच्या वाटीत काढून ठेवली होती.

बोधिसत्त्वाला बोलावणे आले तेव्हा तो धावत गेला. मुलीचे ओठ बधिर झाले होते आणि हात गार पडले होते. “मुंग्या येतायत,” ती म्हणत होती. त्याला जेवढे येत होते तेवढे सारे त्याने केले. उन्हे कलायच्या आत सामा गेली.

राजसभेत पूर्णक म्हणाला, “महाराज, मडकुल्याला झाकण होतं. म्हाताऱ्यांचं आहे, हे नावातच होतं. घरच्यांनी लक्ष ठेवायला नको?”

राजाने सोणकाकडे पाहिले. तो म्हातारा हात जोडून म्हणाला, “खरं आहे महाराज. चूक माझीच. मी तिला दिला नाही वाटा. एक तीळभर तोंडाला लावून दाखवला असता, तर तिनं हट्ट धरला नसता.”

त्याला अजूनही ती वस्तू खाऊच वाटत होती.

तेव्हा बोधिसत्त्व पुढे झाला. “महाराज, या माणसानं विष विकत आणलं नाही, खाऊ विकत आणला. विषाला खाऊ म्हणायला त्याला शिकवलं पूर्णकानं. आणि पहिली गोड गोळी वळली मी. पूर्णक काय करणार हे मला सांगून गेला होता, तरी मी घरी बसलो. दंड करायचा तर आम्हा दोघांना करा. या आजोबांना मात्र दोषी म्हणू नका.”

राजाने पूर्णकाचे दुकान बंद केले आणि दवंडी पिटवली की मोठ्यांच्या तीव्र औषधाला राखण लावलीच पाहिजे, आणि कोणत्याही औषधाला खाऊ म्हणता कामा नये. पूर्णक शेवटपर्यंत म्हणत राहिला की त्याचे फक्त नशीब फुटले.

बोधिसत्त्वाला राजाने दंड केला नाही. पण तो दुसऱ्या दिवसापासून घरोघर फिरून गोड गोळ्या मागून घेऊ लागला. काही लोक दार लावून घेत, काही म्हणत, “आमच्याकडे पोर नाही हो.” तो म्हणे, “शेजारी असेल,” आणि दारात उभा राही. कोशाने मात्र न विचारताच आपले गाठोडे पुढे केले. “कडूच दे बाबा,” ती म्हणाली, “ओकले तर पुन्हा गिळीन.”

ही कथा भिक्खूंना सांगून शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, पूर्वजन्माची ओळख पटवली. तेव्हाचा पूर्णक म्हणजे आजचा भिक्खू चित्रक, कोशा म्हणजे विहारात झाडलोट करणारी उपासिका रोहिता, सोणक म्हणजे स्थविर उदुंबर, राजा म्हणजे शास्त्यांचा सेवक भद्रघोष, आणि तो वैद्य म्हणजे स्वतः शास्ते.

स्थविर उदुंबरांनी विचारले, “भंते, आणि ती मुलगी?”

शास्ते म्हणाले, “ती कोण झाली ते मला दिसते. पण मी सांगणार नाही. ती आज सुखात आहे असे ऐकले, तर तुम्हाला हायसे वाटेल, आणि मलाही. चार वर्षांच्या मुलीच्या बदल्यात ते हायसे वाटणे मला नको.”

मग त्या जन्मी आपल्यात जो गुण उणा होता, त्याचे त्यांनी नाव घेतले. “करुणा माझ्यापाशी होती, निर्लोभपणाही होता. नव्हता तो अप्रमाद, म्हणजे सदा जागा असलेला सावधपणा. तोही त्या जन्मी मला लाभला. पण सामा गेल्यावर.”